व्हिडिओ गेमच्या इतिहासावर मराठी मालिका: पडदा कसा शूट करायचा, काय तपासायचं, सोलापूरचा पुरावा कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका छोट्या गटाला व्हिडिओ गेमच्या इतिहासावर सहा भागांची मराठी मालिका करायची आहे. प्रत्येक भाग २२ मिनिटांचा, आधी स्थानिक केबल वाहिनीवर आणि नंतर यूट्यूबवर. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही, कॅसेटवाला गेम आणि बंद पडलेल्या पार्लरमधलं एक मशीन हाताशी आहे. पण पडदा शूट केला की काळे पट्टे फिरतात, रेकॉर्डिंगमध्ये गेममधली माणसं मधूनच गायब होतात, आणि इतिहास नेमका कुठून सुरू करावा हे ठरत नाही.

आधी क्रमाचं बोलू, कारण बाकीचं शूटिंग त्यावर ठरतं. १९५८ च्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेपासून सुरुवात करून वर्षामागून वर्ष सरकू नका. पहिल्या भागाचा पहिला शॉट तुमच्या हातातल्या कॅसेटचाच घ्या. ती ज्या यंत्रात बसते ते निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल आहे. फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानात विक्रीला आला. आपल्या घरांत पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकलाच: सामुराई, लिटल मास्टर, आणि ज्यांच्यावर धड नावही नव्हतं असे कितीतरी डबे. नक्कल कॅमेऱ्यासमोर उघडा. जुन्या नकलेत वेगवेगळ्या चिप दिसतील, नंतरच्या स्वस्त नकलेत सगळं यंत्र एका काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली लपलेलं दिसेल. हे दोन बोर्ड शेजारी ठेवून घेतलेला एक शॉट ‘गेम स्वस्त का झाला’ याचं उत्तर निवेदनाशिवाय देतो. मग मूळ यंत्र कोणी केलं, त्याआधी काय होतं, हे प्रेक्षक स्वतःच विचारतो, आणि दुसऱ्या भागात १९५८ ला जायला काही हरकत नाही.

आता माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात मोलाची गोष्ट. इंटरनेटवरून उतरवलेलं गेमचं फुटेज वापरू नका, तुमच्याच यंत्रावरून रेकॉर्ड करा. कारण फक्त हक्कांचं नाही, वेगाचं आहे. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र काढणारा. जपान-अमेरिकेतली पद्धत एनटीएससी, तिथे हा आकडा जवळजवळ ६०. त्या काळच्या गेममध्ये पळण्याचा वेग आणि संगीताची लय दोन्ही चित्रांच्या मोजणीवर बांधलेली असते. त्यामुळे पाल चिपच्या नकलेवर सुपर मारिओ ब्रदर्स मूळच्या पाच-षष्ठांश वेगानेच चालतो. धून संथ होते, पण सूर फारसा उतरत नाही, कारण या नकलांच्या प्रोसेसरचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ आणि मूळ जपानी यंत्राचा १.७९, म्हणजे जवळपास सारखा. सोलापूरच्या माणसाच्या कानात बसलेला मारिओ हा असा किंचित सावकाश मारिओ आहे. त्याला जपानी वेगाचं फुटेज दाखवलं की काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चुकलेलं कळतं.

तुमचं यंत्र कुठल्या वेगाचं आहे हे दोन मिनिटांत तपासता येतं. मारिओची पहिली लेव्हल सुरू करा आणि मारिओला जागचा हलवू नका. पडदा सरकल्याशिवाय तिथे शत्रू येत नाही. वरचं घड्याळ ४०० पासून उतरतं आणि दर २४ चित्रांना एक आकडा कमी होतो. ४०० ते ३०० ला ४८ सेकंद लागले तर यंत्र ५० चं, ४० सेकंद लागले तर ६० चं. नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून प्रत्येक यंत्रावर हे मोजा आणि डब्यावर चिठ्ठी लावून ठेवा. ४० सेकंदांचं यंत्र निघालं तर निवेदनात संथ वेगाची गोष्ट त्या फुटेजवर सांगू नका. हाच प्रयोग दोन यंत्रांवर एकाच वेळी लावून, मध्ये स्टॉपवॉच ठेवून शूट केला तर तो मालिकेतला सगळ्यात लक्षात राहणारा मिनिट ठरेल.

माणसं गायब होतात त्याचं कारण रेकॉर्डिंगच्या साखळीत आहे. मार बसल्यावर पात्र लुकलुकतं, म्हणजे एका चित्रात असतं, पुढच्यात नसतं. शिवाय या यंत्राला एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृती काढता येतात. जास्त झाल्या की प्रोग्रामर त्यांना आळीपाळीने दाखवतात. तुम्ही सेकंदाला २५ चित्रांनी रेकॉर्ड केलं तर दर दुसरं चित्र गळतं आणि आकृती एकतर ठळक दिसत राहते किंवा पूर्ण नाहीशी होते. म्हणून ५० च्या यंत्राचं रेकॉर्डिंग ५० नेच करा, आणि २५ वर आणायचं काम संकलनात, शॉट बघून करा.

दुसरा दोषी म्हणजे पिवळ्या एव्ही पिनमधून एचडीएमआय करून देणारी स्वस्त डबी. जुने गेम चित्र एकाआड एक ओळींनी विणत नाहीत, प्रत्येक वेळी पूर्ण चित्र काढतात, फक्त ओळी निम्म्या असतात. डबीला हे कळत नाही. ती त्याला नेहमीचं टीव्हीचं विणलेलं चित्र समजते आणि दोन वेगळ्या क्षणांची चित्रं एकत्र करते, त्यामुळे हलत्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. वर बऱ्याच डब्या ५० च्या सिग्नलचे ६० करून देतात, म्हणजे सेकंदाला दहा चित्रं दोनदा दाखवली जातात आणि पडदा सरकताना अडखळतो. रेट्रोटिंक-टूएक्ससारखं, जुन्या गेमचा सिग्नल ओळखून फक्त ओळी दुप्पट करणारं उपकरण मध्ये लावा आणि त्यापुढे चित्र लॅपटॉपमध्ये उतरवणारं कॅप्चर कार्ड जोडा. रेकॉर्डिंगमध्ये घुर्र आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बहुतेक वेळा अर्थिंगचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट तिथूनच येतो.

चित्राचा आकार ४ : ३ च ठेवा. १०८० उंचीच्या पडद्यात ते १४४० रुंद बसतं, दोन्ही बाजूंना काळं राहू द्या किंवा त्या जागी कॅसेटचा फोटो लावा. रुंदी ताणून भरली की मारिओ जाडा आणि नळ्या बुटक्या दिसतात, आणि केबलवर पाहणाऱ्या प्रत्येकाच्या ते लक्षात येतं.

थेट रेकॉर्डिंग झालं तरी खऱ्या टीव्हीवरचे शॉट हवेतच, कारण ते गेम त्या काचेवर दिसण्यासाठीच बनले होते. काळे पट्टे फिरतात ते कॅमेऱ्याचा शटर आपोआप चालू ठेवल्यामुळे. पडदा उजळ असतो, म्हणून कॅमेरा शटर १/२०० किंवा १/५०० वर नेतो, आणि तेवढ्या वेळात ट्यूबवर निम्मं चित्रही काढून झालेलं नसतं. शटर हाताने १/५० वर कुलूप करा, कॅमेरा २५ किंवा ५० चित्रांवर ठेवा. उजेड जास्त वाटला तर लेन्सचं छिद्र लहान करा किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा, शटरला हात लावू नका. व्हाइट बॅलन्सही हाताने द्या. आपल्याकडचे जुने टीव्ही निळसर पांढरे असतात, ९,३०० केल्व्हिनच्या आसपास. ऑटोवर ठेवलं तर गेमचा रंग बदलला की खोलीचाही रंग बदलत जातो. पडद्यावर इंद्रधनुषी लहरी आल्या तर कॅमेरा हातभर मागे-पुढे घ्या किंवा फोकस केसभर ढिला करा. टीव्ही आधी १५–२० मिनिटं चालू ठेवा, मगच रंग आणि कडा स्थिर होतात. स्पीकर जवळ ठेवून कोपऱ्यात जांभळा डाग पडला असेल तर स्पीकर दूर करा, टीव्ही अर्धा तास मेन स्विचने बंद ठेवून पुन्हा लावा. आतली चुंबकत्व घालवणारी कॉइल टीव्ही थंड असतानाच पूर्ण जोराने काम करते. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर २० किलोव्होल्टच्या पुढे दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. ते काम टीव्ही मेकॅनिकचं.

पार्लरच्या मशीनला हे आकडे बदलतात. सोलापुरात ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेलेला गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स. मुस्तफा हे त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव. त्याचा बोर्ड, म्हणजे मशीनमधलं सर्किट, सेकंदाला सुमारे ५९.६ चित्रं देतो, म्हणून शटर १/६० हवा. तुमच्या कॅमेऱ्यात क्लिअर स्कॅन किंवा सिंक्रो स्कॅन, म्हणजे शटरचा आकडा बारकाईने भरू देणारी सोय, असेल तर त्यात ५९.६ भरा. इथेच नवा घोळ होतो: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे खोलीतली ट्यूबलाइट १/६० च्या शटरला फडफडताना दिसते. पडदा सरळ झाला की भिंत हलते, भिंत सरळ केली की पडदा हलतो. उपाय एकच: शॉटपुरत्या सगळ्या ट्यूबलाइट बंद करा आणि बॅटरीवर चालणारे, न फडफडणारे एलईडी लावा.

मशीन सुरू करण्याआधी बोर्ड बाहेर काढून मल्टिमीटरने पुरवठा तपासा. बहुतेक बोर्ड जॅमा जोडणीचे असतात, ५६ संपर्कांचे, १९८५ पासूनचं प्रमाण. मग बोर्ड लावून, चालू स्थितीत, त्याच्या काठावर ५ व्होल्टच्या जागी ५.० ते ५.१ मिळायला हवेत. ४.८ च्या खाली गेलं की गेम मधेच रीसेट होतो आणि लोक बोर्ड खराब समजून टाकून देतात. दोष सहसा जुन्या पॉवर सप्लायचा किंवा काळ्या पडलेल्या संपर्कांचा असतो. मुस्तफाला तिसरा खेळाडू लावायचा असेल तर त्याच्या वायरी मुख्य कनेक्टरवर नसतात, बोर्डावरच्या वेगळ्या कनेक्टरवर शोधा. मूळ कॅपकॉम बोर्ड असेल तर त्यावरची बॅटरी उत्साहाने काढू नका. तिच्या जोरावर टिकलेली, गेमचा प्रोग्राम उलगडणारी सांकेतिक किल्ली पुसली गेली की बोर्ड नीट चालत नाही.

घरच्या यंत्राचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अडॅप्टरमुळे, ज्याला दुकानात अजूनही एलिमिनेटर म्हणतात. या नकलांना साधारण ९ व्होल्ट डीसी लागतो, पण पिनच्या मध्यभागी अधिक की उणे हे कंपनीगणिक बदलतं. मूळ फॅमिकॉमला मध्यभागी उणे लागतं. डब्याच्या खाली छापलेलं चिन्ह बघा, नसेल तर झाकण उघडून सॉकेटपासून ७८०५ नावाच्या तीन पायांच्या रेग्युलेटरपर्यंत वाट शोधा. उलट जोडलं आणि आत उलटा प्रवाह अडवणारा डायोड नसेल तर रेग्युलेटर किंवा शेजारचा कंडेन्सर जातो. ७८०५ इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. पण काळ्या ठिपक्यापर्यंत दाब पोचला असेल तर यंत्र संपलं.

कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने संपर्क हळूहळू गंजतात. कॅसेट पुन्हा चालते ती काढून घातल्यामुळे, फुंकरीमुळे नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी बुडवून ६० पिना दोन्ही बाजूंनी पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. पॉलिश पेपर लावला तर वरचा पातळ मुलामा निघून जातो. एरियलच्या वायरने जोडल्यावर चित्र येतं पण आवाजाऐवजी सूं सूं येत असेल तर यंत्र बिघडलेलं नाही. आपल्याकडे चित्र आणि आवाजाच्या लहरींत ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं, चीनच्या बाजारासाठी बनलेल्या यंत्रात ते ६.५ असतं. टीव्हीच्या मेनूत साउंड सिस्टीम बीजी ऐवजी डीके करून बघा, किंवा सरळ एव्ही पिन वापरा.

आता इतिहासाकडे. पुढच्या चार गोष्टी जवळपास प्रत्येक मालिकेत सैलपणे सांगितल्या जातात, तुमच्यात त्या घट्ट असू द्या. पाँग हा पहिला व्हिडिओ गेम नाही. विल्यम हिगिनबॉथम यांनी ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऑक्टोबर १९५८ मध्ये ऑसिलोस्कोपवर टेनिस दाखवलं. एमआयटीत १९६२ मध्ये पीडीपी-१ संगणकावर स्पेसवॉर तयार झाला. राल्फ बेअर यांच्या कामातून आलेला, घरच्या टीव्हीला जोडायचा मॅग्नावॉक्स ओडिसी १९७२ मध्ये बाजारात होता, आणि ॲटारीचा पाँग त्याच वर्षाच्या शेवटी आला. ॲटारीच्या नोलन बुशनेल यांनी ओडिसीचं प्रात्यक्षिक मे १९७२ मध्ये पाहिलं होतं, मॅग्नावॉक्सने दावा लावला आणि १९७६ मध्ये तो मिटवला गेला. निवेदनात ‘पहिला’ शब्द आला की पुढे ‘कशात पहिला’ हे लिहाच: घरात, नाण्यावर, की प्रयोगशाळेत.

स्पेस इन्व्हेडर्समुळे (१९७८) जपानमध्ये शंभर येनची नाणी संपली, ही गोष्ट रंजक आहे पण तिला पुरावा नाही. वगळा. ‘ॲटारीच्या ई.टी. या एका गेममुळे धंदा बुडाला’ हेही तसंच. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो गेम करायला सुमारे पाच आठवडे मिळाले हे खरं, न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला ॲटारीचा माल पुरला गेला हेही खरं. पण २६ एप्रिल २०१४ च्या उत्खननात ई.टी.बरोबर ॲटारीचे इतर अनेक गेमही निघाले. १९८३ ची घसरण अतिपुरवठा, दर्जाहीन गेमांची गर्दी आणि स्वस्त घरगुती संगणक यांच्यामुळे झाली, आणि ती मुख्यतः अमेरिकेतली होती. त्याच वर्षी जपानात फॅमिकॉम सुरू झाला, म्हणून ‘जगभरातला उद्योग कोसळला’ असं वाक्य लिहू नका. चौथी गोष्ट कॉन्ट्राच्या तीस जीवांची: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए हा क्रम कॉन्ट्रासाठी नव्हता. काझुहिसा हाशिमोतो यांनी तो १९८६ मध्ये ग्रॅडियस हा गेम फॅमिकॉमवर आणताना, चाचणी सोपी व्हावी म्हणून ठेवला. ‘९९९९ इन १’ कॅसेटच्या यादीवर निवेदन पुरेसं नाही, ती खाली सरकवत जा. तेच थोडे गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू होऊन पुन्हा पुन्हा येतात, हे यादीच दाखवते.

हक्कांचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला जागा आहे. क्लिप छोटी ठेवा, ज्या क्षणाबद्दल बोलताय तोच क्षण दाखवा, आणि गेमचं संगीत पार्श्वसंगीत म्हणून पसरू नका. मुलाखत देणाऱ्याचं लेखी संमतीपत्र शूटिंगच्या दिवशीच घ्या.

मुलाखतींत सोलापूरची अडचण आवाजाची आहे. शहराच्या पूर्व भागात घराखाली किंवा शेजारी यंत्रमाग चालू असेल तर तो खडखडाट कुठल्याही सॉफ्टवेअरने स्वच्छ निघत नाही, कारण तो बोलण्याच्याच पट्ट्यात असतो. शर्टाला लावायचा माइक छातीवर उंच लावा, खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूची निवडा, आणि माग बंद असण्याची वेळ घरच्यांनाच विचारा. तिथल्या बुजुर्गांना तेलुगूतच बोलू द्या, विजापूर वेशीकडे कोणी दखनीत बोलला तर तेही तसंच ठेवा आणि खाली मराठी ओळी द्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा शूटिंग सकाळी उरका. बंद खोलीत टीव्ही, दिवे आणि कॅमेरा एकदम तापतात.

आठवणीतलं साल कधीच थेट विचारू नका, लोक दहा वर्षं इकडे तिकडे करतात. ‘पार्लरला जायला लागलास तेव्हा कितवीत होतास?’, ‘त्या वर्षीच्या गड्ड्यात (सिद्धेश्वराच्या जत्रेत) कोण बरोबर होतं?’, ‘टोकन केवढ्याला होतं?’ असे प्रश्न विचारा आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून साल काढा. तीन वेगळ्या माणसांची सालं जुळली तरच ती पडद्यावर लिहा. मशीन ज्याचं होतं त्या मालकाला वेगळं भेटा. खेळणारा गेमचं नाव सांगेल, मालक बोर्ड कुठल्या शहरातून, केवढ्याला आणि कोणाच्या ओळखीने आला ते सांगेल, आणि नेमकी हीच माहिती सहसा कोणी लिहून ठेवत नाही.

कागदाचा पुरावाही शोधा. महाराष्ट्रात व्हिडिओ गेमच्या मशीनवर करमणूक शुल्क असे आणि ते जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक शाखा बघत असे. म्हणजे सोलापूर शहरात कुठल्या वर्षी किती पार्लर नोंदलेले होते, कुठल्या पेठेत, किती मशीनचे, याची कधीतरी नोंद झालेली असणार. माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं तर अर्ज परत येऊ शकतो. त्याऐवजी कालावधी ठरवून, म्हणजे समजा १९९० ते २००५, परवानाधारक पार्लरची वर्षनिहाय यादी मागा. ‘अभिलेख नष्ट केले’ असं उत्तर आलं तर कुठल्या आदेशाने आणि कधी, याची प्रत मागा, आणि उत्तर असमाधानकारक वाटलं तर ३० दिवसांत पहिलं अपील टाका. बरोबरीने हिराचंद नेमचंद वाचनालयात स्थानिक दैनिकांच्या जुन्या फाइली कुठल्या वर्षांच्या आहेत ते विचारा. दिवाळीच्या आणि मेच्या सुटीच्या अंकांतल्या जाहिराती आधी बघा, खेळण्यांच्या आणि टीव्हीच्या दुकानांच्या जाहिराती त्याच दिवसांत येतात. पानाचा फोटो घेताना वरची तारखेची ओळ फ्रेममध्ये ठेवा, नाहीतर संकलनाच्या टेबलावर ती जाहिरात बिनकामाची ठरते.

माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज या आठवड्यातच टाका आणि तेवढ्या दिवसांत यंत्रं दुरुस्त करून घड्याळाची चाचणी उरकून घ्या.